अनुनासिक

ब्याण्णव म्हणताना कोणीतरी मागून माझ्या डोक्यात फळी घातली. मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे राखाडी स्पंजची भिंत, खिळ्याला टांगलेली माझी पर्स, आणि दुसरं कोणी नाही. असणार तरी कसं? ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढं कपाट, दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. दुखणं वाढत गेलं असं मला म्हणता येत नाही. वाढणाऱ्या दुखण्याशी माणसाची ओळख होते, तडजोड होते. हे आलं ते सगळंच्या सगळं एकदम आलं, मानेच्या खाचेपासून कपाळापर्यंत, आणि आल्यावर जागचं हललं नाही. हातातला कागद खाली पडला. काचेपलीकडे आमचा तंत्रज्ञ मान खाली घालून बसला होता. पंधरा वर्षं मी त्याला कानसेन म्हणते, कारण माझ्या पोटात भूक गुरगुरली तरी तो हात वर करतो आणि म्हणतो, "ताई, आधी काहीतरी खाऊन या." त्या दिवशी त्याने हात वर केला नाही. नंतर त्याने मला ते मुद्रण ऐकवलं. सत्तर सेकंद आहेत ती. 'ब्याण्णव' मधला 'ब्या', मग कागद पडल्याचा आवाज, आणि मग काहीही नाही. मला वाटलं होतं मी ओरडले. "तुम्ही एक शब्दसुद्धा काढला नाहीत ताई," तो म्हणाला, "मला वाटलं, मनात काहीतरी जुळवताय." आयुष्यात एवढा मोठा प्रकार घडला आणि कानसेनच्या यंत्रावर त्याची सरळ रेघ आली, याचं मला दुखण्यापेक्षा जास्त भय वाटलं.

माझा धंदाच आवाजाचा. माझं तोंड कोणी ओळखत नाही, पण अर्धं शहर दिवसातून चारदा माझं ऐकतं. 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' ही मी. 'आपण दाबलेला क्रमांक चुकीचा आहे' हीसुद्धा मी, आणि त्यापायी किती लोकांनी मला शिव्या घातल्या असतील याचा हिशेबच नको. आमच्या कार्यालयाच्या लिफ्टमध्येही मीच आहे. 'दरवाजा बंद होत आहे', 'दुसरा मजला', 'तळमजला'. बारा वर्षांपूर्वीचा आवाज, थोडा कोवळा, थोडा शिष्ट. कानसेनला त्याचं कौतुक. "लिफ्टमधल्या ताई आणि तुम्ही, डोळे मिटून ओळखीन," म्हणतो. बाकी कोणाला फरक कळत नाही. सध्याचं काम होतं एका मोठ्या सरकारी दप्तरातल्या टोकनांच्या रांगेचं, एकपासून शंभरपर्यंत आकडे, प्रत्येक तीन तऱ्हांनी: एकदा आवाज वर नेऊन, एकदा सपाट, एकदा खाली उतरवून. पुढे यंत्र त्यांचे तुकडे जोडतं. लोकांना वाटतं आकडे म्हणणं म्हणजे पोरखेळ. त्यांनी एकदा नव्वदी म्हणून दाखवावी. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, शहाण्णव, नव्याण्णव. सगळा कारभार नाकाचा. नाक किंचित जरी चोंदलेलं असलं तरी 'ण्ण'चा 'ड्ड' होतो आणि माणूस ब्याड्डव, त्र्याड्डव करत बसतो. म्हणून नव्वदी आली की मी कानसेनला हाताने थांबवते, पर्समधून बाटली काढते, मान मागे टाकते. उजवीकडे दोन थेंब, डावीकडे दोन. मिनिटभरात नाक खिडकीसारखं उघडतं. पूर्वी हे दिवसातून एकदा पुरायचं. समोरची इमारत पाडायला घेतल्यापासून धुरळा इतका, की सहा-सात वेळा तरी बाटली काढावी लागत होती. नाकाशिवाय मराठी बोलता येत नाही हे लोकांच्या लक्षातच येत नाही. सर्दी झाली की पहिला 'मी' जातो. 'मी'चा 'बी' होतो.

आणि मामाचा बाबा होतो. हे मला पाचव्या वर्षी कळलं. मी दीड वर्षाची असताना बाबा गेले, आईने मला उचललं आणि ती भावाकडे आली. मामा कंपाउंडर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो औषधं कालवायचा, त्याच्या सदऱ्याला कायम कडूगोड वास असायचा. गावातली सगळी पोरं त्याला पाहून पळायची, मीही पळायचे. त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली ती हटेना. एका सकाळी त्याने दारात चपला काढल्या आणि मी ओरडले, "बाबा आला!" मला म्हणायचं होतं 'मामा'. आई पोळी लाटत होती, तिचा हात थांबला. मामा दोन क्षण उंबऱ्यातच उभा राहिला, आणि मग एवढंच म्हणाला, "ओ." त्याने हसून चूक सुधारली असती तर विषय तिथेच संपला असता. पण तो ओ म्हणाला. त्यानंतर मी सर्दी सोडायलाच तयार होईना. ओले केस घेऊन गच्चीवर बसायचे. औषध म्हटलं की तोंड घट्ट मिटायचे. मग त्याने एक युक्ती केली. पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ विरघळवलं, लाल रबराच्या फुग्याची काचेची पिचकारी आणली आणि मला मांडीवर आडवं घेऊन म्हणाला, "औषध नाही गं हे, बाळ. थेंब आहेत नुसते." मी विश्वास ठेवला. थेंब पडले, नाक मोकळं झालं, आणि बाबांचा परत मामा झाला. पुढे शाळेत जायच्या वयात मी दाराआड उभी राहून नाक चिमटीत धरायचे आणि हाक मारायचे, "बाबा!" त्याला कळत असणारच. "नाक धरून बोलू नये, कानाला दडे बसतात," तो आतून म्हणायचा. पण त्याआधी, न चुकता, ओ द्यायचा. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "म म्हण, म. ओठ मिटून. मा-मा." तिने ओठ मिटून दाखवले आणि मग ते बराच वेळ उघडले नाहीत.

दुसऱ्यांदा फळी बसली ती तिसऱ्या दिवशी सकाळी, न्हाणीघरात. आदल्या दोन दिवसांत डोकं ठणकत होतं पण ऐकण्यातलं होतं. थेंब घालून, नाक मोकळं करून न्हायला बसले, कढत पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि तांब्या हातातच राहिला. फरशीवर गाल टेकून मी किती वेळ पडले होते ठाऊक नाही. गार फरशी, साबणाचा वास, नळाचं टपटपणं. मी एकटी राहते. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि त्याचं वाईट मला त्या फरशीवर पहिल्यांदा वाटलं. उठता आलं तेव्हा कानसेनला फोन केला. तो एका पायात बूट आणि एका पायात चप्पल अशा अवतारात आला, मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे मला एका नळकांड्यात सरकवलं. डोक्यात रक्तस्राव नव्हता. मग दंडात औषध टोचून शिरांचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलताना 'ळ'चा नीट उच्चार करत होती म्हणून मला ती लगेच आवडली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. मेंदूच्या शिरा सरळ वाहायच्या सोडून कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या दिसत होत्या, ओवताना गाठी मारत गेलेल्या मण्यांच्या माळेसारख्या.

"या आवळल्या की असं अचानक दुखतं," ती म्हणाली. "बहुतेक वेळा आपोआप सैल होतात. दोन-तीन महिने लागतील. मी शिरा सैल करायची गोळी देते. पण तोपर्यंत जपायचं. एखादी फार वेळ आवळलेलीच राहिली, तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही."

"पुढचा भाग म्हणजे कुठला?"

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तुमची डावीकडची जास्त आवळलेली आहे. तिकडे बोलणं असतं."

कानसेन खुर्चीत सरकला, खुर्ची कुरकुरली.

"हे कशाने तरी चाळवतं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "कसली औषधं चालू आहेत? कुठल्या गोळ्या?"

"एकही नाही."

"डोकेदुखीची? सर्दीची? दुकानातून अशीच आणलेली?"

"सर्दीच्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो," मी जरा ताठ्यानेच सांगितलं. "आमच्यातलं कोणी घेत नाही. मी औषधाला हातच लावत नाही."

तिने कागदावर एक आडवी रेघ मारली. पर्स माझ्या मांडीवर होती. "जोर काढायचा नाही, वाकायचं नाही, कढत पाणी नको," तिने बोटांवर मोजलं. "आणि बोलताना शब्द अडला, भलताच आला, तोंड वाकडं झालं, हात जड वाटला, तर घड्याळ बघायचं आणि थेट इथे यायचं. झोपून बघू, उद्या बघू, असलं काही करायचं नाही." बाहेर आल्यावर दवाखान्याच्या जिन्यापाशी मी मान मागे टाकली आणि दोन-दोन थेंब घातले. आतल्या औषधी वासाने नाक पार बंद झालं होतं.

घरी बसले. बसून काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. सकाळी डोळे उघडले की आधी जीभ टाळूला लावून बघायचे, मग हळू आवाजात आकडे. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आले की हुश्श. आवाज गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आवाज गेला तरी माणूस खुणा करतो, कागदावर लिहितो. पण बोलणं गेलं म्हणजे काय जातं? पाणी हवं हे आत असतं का आणि बाहेर येत नाही, की आतलं पाणीच पुसलं जातं? डॉक्टरला हे विचारायचं राहिलं. मी नसले तरी 'आपण रांगेत आहात' चालूच राहणार होतं, या विचाराने मला राग यायचा. स्वतःचा इतका राग मी कधी केला नव्हता. पाचव्या दिवशी शेजारीण काहीतरी बोलली, मी खदखदून हसले आणि तिसरी फळी बसली. पण ती मिनिटभरात निवळली, तेव्हा मला वाटलं गोळी लागू पडतेय. गोळी शिरा सैल करायची. थेंब मी नेहमीप्रमाणे घालत होते, किंबहुना जास्तच, कारण घरात बसून नाक आणखी चोंदतं.

मामाला यातलं काही सांगितलं नाही. तो अठ्ठ्याहत्तरचा, दूर त्या जुन्या गावी एकटा, डोळे अधू झालेले. त्याच्या जिवाला घोर कशाला? रोज दुपारी त्याचा फोन येतो. डोळे मंदावल्यापासून त्याचे कान इतके तिखट झालेत की मी गोळी गिळली तर म्हणेल, काय गिळलंस? म्हणून मी फोनच्या आधी पाणीसुद्धा पिऊन घ्यायचे. "आवाज बारीक येतोय," तो एकदा म्हणाला. "फोन लांब आहे," मी म्हटलं. "नाक मोकळं आहे ना?" त्याने विचारलं. तो हे पंचेचाळीस वर्षं विचारतो आहे. "मोकळं आहे," मी म्हटलं. "थेंब घालते ना रोज." "घाल, घाल. त्याने काही होत नाही," मामा म्हणाला. आम्हा दोघांचंही समाधान झालं. लहानपणी ती पिचकारी फुटली, मग मी कॉलेजात आले, शहरात आले, वसतिगृहात पाणी कोण उकळणार? दुकानातून तयार बाटली आणली. तीही नाकातच घालायची, तीही थेंबाथेंबाने. नाव तेच राहिलं. मामाने ठेवलेलं नाव, मी कशाला बदलते?

दहाव्या दिवशी कानसेनचा फोन आला. फक्त एक्क्याण्णवपासूनचे दहा आकडे राहिले होते, दप्तरवाले घाई करत होते. "मी त्यांना सांगतो ताई, नाही म्हणून," तो म्हणाला. पण मला ते 'ब्या' डोक्यातून जात नव्हतं. अर्धा शब्द त्या खोलीत टाकून आले होते मी. तो पुरा केला की हे संपेल असं मनाने कुठेतरी घेतलं होतं. मी गेले. लिफ्टमध्ये शिरल्यावर मीच मला सांगितलं, 'दरवाजा बंद होत आहे'. कपाटात उभी राहिले, कानसेनला हाताने थांबवलं, मान मागे टाकली. उजवीकडे दोन, डावीकडे दोन. आणि आजचा दिवस महत्त्वाचा म्हणून आणखी एकेक. मग म्हटलं. एक्क्याण्णव. ब्याण्णव. खांदे आवळून वाट पाहिली. काही झालं नाही. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, वर, सपाट, खाली. प्रत्येक 'ण्ण' घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत. शंभरला कानसेनने काचेपलीकडून दोन्ही हात वर केले. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. संपलं होतं. आता मामाला सांगायला हरकत नव्हती. झालं ते आणि निभावलं तेही. कानसेन चहा घेऊन आला, मी फोन लावून टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून, कारण उजवा हात जरा भरून आल्यासारखा झाला होता.

"हॅलो, बाबा," मी म्हटलं.

पलीकडे हसू. "ओ," मामा म्हणाला. "सर्दी झाली वाटतं आमच्या बाळाला? किती वर्षांनी!"

"नाही, नाक मोकळं आहे, बाबा."

हसू थांबलं. "परत म्हण."

"नाक मोकळं आहे."

"'नाक' म्हणालीस. 'मोकळं' म्हणालीस," मामा हळूहळू म्हणाला. "दोन्ही स्वच्छ. सर्दी असती तर दाक बोकळं आलं असतं. आता मला हाक मार."

मी आत तो शब्द पाहिला. दोन अक्षरं, तीच दोनदा. मी ओठ मिटले, आईने दाखवले होते तसे. "बाबा," मी म्हटलं. नाकातून वारा आरपार जात होता.

कानसेनने कप खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. मामाचा आवाज बदलला. तो माझा मामा राहिला नाही, मागच्या खोलीतला कंपाउंडर झाला. "तिथे कोण आहे? कोणीतरी बोला. हिला काय झालंय?" कानसेनने चार वाक्यांत सगळं सांगितलं, फळी, फोटो, गोळी. मामा म्हणाला, "ती नाकात काय घालते?"

"थेंब," मी म्हटलं. हा शब्द बरोबर आला.

"मीठपाणी?"

कानसेनने माझ्या पर्समधून बाटली काढली आणि बारीक अक्षरांतलं नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मामाने ते नाव आणखी एकदा वाचायला लावलं.

"शिरा आवळायचं औषध आहे ते," मामा म्हणाला. "नाकातल्या शिरा आवळतं म्हणून तर नाक उघडतं. अगं, मीच तुला सांगितलं होतं, औषध नाही म्हणून..." तो थांबला. "घेऊन चला तिला. आत्ता. ही बाटली डॉक्टरच्या हातात द्या. फोन बंद करू नका, मला ऐकू दे ती बोलतेय ते."

कानसेनने माझ्या दंडाला धरलं. व्हरांडा नेहमीएवढाच होता, पण त्याची उजवी बाजू मला सापडत नव्हती. मला मामाला सांगायचं होतं की तुझी काही चूक नाही, तू मीठच घातलं होतंस, औषध मी घातलं. वाक्य आत अख्खं तयार होतं, स्वल्पविरामांसकट. "बोलत राहा, बाळ," फोनमधून येत होतं. "हाक मार मला. कशीही मार."

"बाबा."

"ओ."

"बाबा."

"ओ. आहे मी. आता 'म' येईल असं काहीतरी म्हण. चिमणी म्हण. आमचा म्हण. काहीही चालेल, 'म' ऐकू दे फक्त." त्याच्या आवाजात पाणी आलं होतं. लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो. मी ओठ मिटले. मिटलेल्या ओठांमागे काहीच नव्हतं. ते उघडले तेव्हाही काही आलं नाही. बाबासुद्धा नाही. कानसेनच्या यंत्रावर दिसली असती ती सरळ रेघ. लिफ्ट खाली उतरत राहिली, धक्का देऊन थांबली, आणि छतातून माझा आवाज आला, कोवळा, शिष्ट, निरोगी.

"तळमजला."

"शाबास!" मामा ओरडला. "आला बघ! काय मोकळा आला 'म'!"

कानसेनने माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटूनही त्याला फरक कळला असता. त्याने काही बोलण्यासाठी फोन तोंडाजवळ नेला, आणि तसाच धरून ठेवला. दार उघडलं.

"आणखी एकदा म्हण, बाळ," मामा म्हणाला.